वाघिणीचं जेवण

प्रभुदास उजागरे मास्तरांना न कळणारा इंग्रजी शब्द अजून छापायचा आहे, असा शिरूरच्या मिशन शाळेत समज होता. तो समज मूळ मास्तरांनीच पसरवला होता आणि पुढे पुढे त्यांचाही त्यावर विश्वास बसला. म्हणून एकोणीसशे एकोणसाठच्या जानेवारीत, एका मंगळवारी, पोस्टमास्तर स्वतः तार घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, "उजागरे, शब्द वाचता येतात, पण अर्थ लागत नाही," तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसला, तार दोनदा वाचली, आणि अर्थ त्यांनाही लागला नाही. चेहऱ्यावर मात्र त्यांनी तसं दिसू दिलं नाही.

तार मिस फेअर्ली यांची होती. मास्तर मिशनच्या बोर्डिंगात होते तेव्हा या मिसबाई तिथल्या मुख्य होत्या. उभी हयात शिरूरात काढून त्या विलायतेला परतल्या होत्या आणि आता सत्तरी ओलांडल्यावर, एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून पुन्हा आल्या होत्या. तारेत त्यांनी एवढंच कळवलं होतं की गुरुवारी सकाळी दौंडला उतरते, त्याच दिवशी पाचच्या गाडीने शिरूरहून नगरला जाणार, आणि आता मी 'स्ट्रिक्ट वॅगन' आहे, तेवढी व्यवस्था कर.

"वॅगन म्हणजे मालगाडीचा डबा," पोस्टमास्तर म्हणाले. "मराठीत वाघीण."

"ते मला ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "प्रश्न 'स्ट्रिक्ट'चा आहे."

बाई स्वतःला वाघीण म्हणवून घेणार नाहीत, तेव्हा त्या एक वाघीणभर सामान बरोबर आणत असणार, असा निष्कर्ष शिक्षकांच्या खोलीत निघाला. सामान म्हणजे पुस्तकंच असणार, आणि 'स्ट्रिक्ट' म्हणजे सीलबंद. मुख्याध्यापकांनी लगेच कपाटं कुठे ठेवायची याची मापं घेतली. पण शाळेच्या भिंतीबाहेर पडल्यावर बातमीतली पुस्तकं गळाली आणि वाघीण तेवढी उरली. संध्याकाळी शेजारच्या सिंधूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, मिसबाई वाघीन घिऊन येत्यात म्हनं. म्या आपली शेरडं आत बांधल्याती. तिला सुटी न्हाई ना सोडनार?"

मास्तरांनी त्यांना व्याकरणासह समजावून सांगितलं. सिंधूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेरडं आतच ठेवली.

आता मास्तरांच्या मनात खरं काय होतं, तेही सांगायला हवं. पुस्तकं आली काय नि न आली काय, त्यांना एकच गोष्ट करायची होती. बोर्डिंगातली ती वर्षं त्यांनी मिसबाईंच्या हातचं खाऊन काढली होती. त्या आता परत यायच्या नव्हत्या. गुरुवारी पाच वाजायच्या आत त्यांना आपल्या गावात एकदा व्यवस्थित पानावर बसवून जेवू घालायचं, एवढीच मास्तरांची इच्छा होती. अडचण एकच, की दबोराबाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, बहिणीच्या बाळंतपणासाठी केडगावला गेल्या होत्या आणि जाताना बजावून गेल्या होत्या, "चुलीच्या वाटेला जाऊ नका. मागच्या वेळी शेजाऱ्यांनी पाणी ओतलं म्हणून छप्पर राहिलं." पण मास्तर निश्चिंत होते. जुन्या पेठेत खायच्या ठिकाणांना काय तोटा? शिवाय पेठेतल्या वजीरभाईंना त्यांनी एक कोंबडी शिजवून द्यायला सांगून ठेवलं होतं.

बुधवारी मास्तर एस. टी.ने दौंडला गेले. मालधक्क्यावरच्या कारकुनाने त्यांचं सगळं शांतपणे ऐकलं.

"वाघीण रिकामी का भरलेली?"

"कडक," मास्तर म्हणाले, आणि मग, "म्हणजे सीलबंद."

"पावती?"

"पावती पाहुण्यांकडे असणार."

"मग पाहुणे आल्यावर या."

"पण पाहुणे वाघिणीबरोबरच येणार."

"माणसं मालगाडीनं येत नाहीत, मास्तर," कारकून म्हणाला, आणि हे त्याने इतक्या सौजन्याने सांगितलं की आपला अपमान झाल्याचं मास्तरांना बाहेर आल्यावर कळलं. तरी त्यांनी एक अर्ज तीन प्रतींत लिहून दिला आणि म्हस्कू मुकादमाला सहा हमालांची वर्दी देऊन, रात्रीपुरते एका ओळखीच्या गार्डाकडे मुक्कामाला राहिले.

गुरुवारी सकाळी गाडी आली. सहा हमाल खांद्यावर दोर टाकून रांगेत उभे होते, पुढे म्हस्कू, त्याच्या पुढे मास्तर. मिसबाई उतरल्या. हातात एक कापडी पिशवी आणि एक छत्री.

"आरं परभुदास," त्या म्हणाल्या, "किती वाळलास रं. दबोरा खायाला घालीत न्हाई व्हय?"

मिसबाई मराठी शिकल्या त्या बोर्डिंगच्या स्वैपाकघरात, भाकऱ्या थापणाऱ्या बायकांकडून. मास्तर मराठी शिकले ते मिसबाईंनी मागवलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे दोघं बोलायला लागली की ऐकणाऱ्याला वाटे, मास्तर विलायतेहून आलेत आणि बाई जवळच्याच न्हावरे गावच्या आहेत.

"आपली वाघीण कोणत्या गाडीने येत आहे?" मास्तरांनी विचारलं.

मिसबाईंनी तार बघायला मागितली. वाचली. मग छत्रीवर भार देऊन त्या इतक्या हसल्या की म्हस्कूने त्यांना बसायला हमालांची हातगाडी पुढे केली. त्यांनी लिहिला होता तो शब्द 'व्हेगन' होता. तो वाटेत कुठल्यातरी तारवाल्याने, हा काही शब्द नव्हे असं ठरवून, दुरुस्त केला होता.

"म्हंजी जनावराचं काईच खायाचं न्हाई," मिसबाई म्हणाल्या. "मटान न्हाई, अंडं न्हाई, दूद, दही, तूप, ताक, मध काई न्हाई. विलायतेत आमचं मंडळच हाय. लई माणसं न्हाईत अजून."

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. कोंबडी तेवढी रद्द करायची, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं होतं.

म्हस्कू मात्र हटेना. वर्दी म्हंजी वर्दी, असं म्हणून सहाही जणांनी ती कापडी पिशवी हाताला हात लावून एस. टी.पर्यंत पोचवली. सारं दौंड स्टेशन बघत होतं. मास्तर दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखे मागून चालत होते.

शिरूर यायला बारा वाजले. वाटेत मिसबाईंनी दोन केळी खाल्ली होती, तेवढाच त्यांच्या पोटाला आधार. स्टँडवर महबूबचा टांगा ठरलेला होता. महबूब मास्तरांचा जुना विद्यार्थी, चौथीत तीनदा बसलेला, त्यामुळे मास्तरांना इतर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त ओळखणारा. "पैल्यांदा हौशीरामाकडं घेतो," तो म्हणाला. "पेठंत त्येचंच हाटेल पैलं लागतं."

हौशीरामाच्या हॉटेलावर 'शुद्ध तुपातील' अशी ठसठशीत पाटी होती. त्या कढईत तूप कधी पडलेलं नाही, वनस्पतीच असतं, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. लोक ते एकमेकांना सांगत आणि रोज तिथेच खात. टांग्यात बसल्या बसल्या मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वनस्पती तूप म्हणजे झाडापाल्याचं तूप. नावातच आहे. हौशीरामाची लबाडी हीच आज मिसबाईंची सोय. मिसबाईंना टांग्यात ठेवून ते आत गेले.

"हौशीराम, तळण कशात आहे?"

"पाटी वाचा, मास्तर."

"वाचली. पण खरं सांगा. वनस्पती असेल तर माझी काहीच हरकत नाही. उलट मला आनंदच होईल."

सात-आठ गिऱ्हाइकांनी चावायचं थांबवलं. हौशीरामाने झारा खाली ठेवला.

"ईस वर्सं हाटेल चालवतोय," तो म्हणाला. "तोंडावर आसं कुणी म्हनलं न्हवतं. आईची आन घिऊन सांगतो, या कढईत तुपाबिगर काई पडलं न्हाई."

"असं म्हणू नका हो," मास्तर काकुळतीला आले. "थोडं तरी वनस्पती असेलच."

शेवटी हौशीरामाने त्यांना दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. "मास्तर, तुम्ही शिकल्यालं मानूस. गिऱ्हाइकाफुडं आसं इचारत्यात का? सगळं वनस्पतीच हाय. तुपाचा वासबी न्हाई. झालं समाधान?"

मास्तरांना त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. "मग मिसबाईंसाठी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी द्या."

"मिसबाई? आपल्या मिसबाई आल्यात?" हौशीरामाचा चेहराच बदलला. "माझी थोरली त्यांच्या शाळंत शिकली. त्यास्नी आन् वनस्पती? नरकात जाईन मी." आणि मास्तर हां हां म्हणेपर्यंत तो धोतर खोचून घराकडे पळाला, तुपाचा तांब्या घेऊन परत आला आणि नव्या कढईत सगळा ओतला. पाटी लागल्यापासून आज पहिल्यांदाच खरी झाली होती. पुऱ्या टम्म फुगल्या. हौशीरामाने थाळी स्वतः टांग्यापर्यंत आणली, आणि मास्तरांना ती परत न्यावी लागली. वनस्पतीचा आरोप हौशीरामाने गिळला होता, पण तूप नाकारलेलं त्याला सहन झालं नाही. "काय पायजे हाय तरी काय तुम्हाला?" त्याने विचारलं, आणि मास्तरांनी महबूबला टांगा हाकायला सांगितलं.

तिथून टांगा विठाबाईंच्या खानावळीकडे वळला. या वेळी मास्तरांनी ठरवलं की मिसबाईंचं नाव काढायचं नाही, मान वाढला की तूप वाढतं. त्यांनी नुसतं विचारलं, "एक पाहुणे आहेत. त्यांना दूध-तूप, मांस-अंडं सगळं बंद आहे. काही होईल का?"

"व्हईल की," विठाबाई म्हणाल्या. "किती दिस झालं?"

"कशाला?"

"काविळीला."

मास्तर नाही म्हणत होते तोवर विठाबाई टांग्याशी जाऊन मिसबाईंच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघत होत्या. त्यांनी बराच वेळ बघितलं. "पिवळं न्हाईत," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "निळं हायत. लई फुडं गेलीया." मग माणसं जमली. एकाने सांगितलं, वढूला एक जण माळ घालतो, माळ गुडघ्यापर्यंत वाढत गेली की कावीळ उतरली. दुसरा म्हणाला, माळ नको, शिक्रापूरच्या म्हातारीकडून नाकात रस घाला. मिसबाई सगळ्यांना मनापासून विचारत होत्या, रस कसला, माळ कशाची, आणि मास्तर पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. विठाबाईंनी तोवर काविळीचं पथ्य म्हणून वाडगाभर ताकभात कालवून आणला होता.

सव्वातीनपर्यंत हेच चाललं. कापडवाल्या शेटजींनी फार आदराने घरात नेलं, आमच्याकडे जमिनीखालचं काही चालत नाही, अगदी निर्धास्त जेवा, असं सांगितलं, आणि पानात पहिल्यांदा दह्याची वाटी ठेवली. एका चहावाल्याने पाव देऊ केला आणि तो लोण्याशिवाय देणं हा दुकानाचा अपमान आहे असंही सांगितलं. गावात गरिबी आहे असं मास्तर आजवर समजत होते. त्या दिवशी मात्र जिथे जावं तिथे दुधातुपाचा पूर आला होता.

"परभुदास," मिसबाई शेवटी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. नगरला गेल्यावर खाईन कायतरी. मला काय भूक न्हाई."

त्यांना भूक होती. मास्तरांना ते त्यांच्या आवाजावरून कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं. बाईंना आयुष्यभर दुसऱ्यांना वाढताना पाहिलं, आणि आज त्या आपल्या गावातून उपाशी जाणार होत्या. व्याकरण, प्रतिष्ठा, शिकल्यासवरल्याचा तोरा, सगळं बाजूला ठेवून त्यांनी महबूबला विचारलं, "आता काय करायचं रे?"

"मानसांचं तुम्ही बघा, मास्तर," महबूब म्हणाला. "माजं घोडं सकाळधरनं उपाशी हाय. त्याला घटकाभर घरी न्हेतो. तुमी बी बसा सावलीला."

महबूबचं घर पेठेच्या मागच्या गल्लीत होतं. दिवसभर मास्तरांनी त्या गल्लीचा विचारही केला नव्हता, कारण महबूबचं घर म्हणजे मटण, असा त्यांचा समज. मटण त्या घरात सणाला शिजे, ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती. दारात रोशनबी, महबूबची बायको, पदर सावरत उभी राहिली. पाहुण्या कोण ते कळल्यावर तिचा चेहरा उतरला.

"मास्तर, आदी सांगायचं तरी," ती म्हणाली. "शेरडी आटलीया. घरात दूद न्हाई, तुपाचा थेंब न्हाई. आमच्यापुरती हुलग्याची शेंगोळी केल्याती, करडीच्या तेलात. आन् बाजरीची भाकर. आता ह्ये मी पाव्हन्यांना कसं वाढू?"

मास्तर ओट्यावर मटकन बसले. दिवसभर ते 'तुमच्याकडे चांगलं काय आहे' असं विचारत हिंडले होते. 'तुमच्याकडे काय नाही' हे एकदा विचारलं असतं तर बारालाच जेवण झालं असतं.

"वाढ, बाय," मिसबाई म्हणाल्या. त्या आधीच मांडी घालून बसल्या होत्या.

त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. शेंगोळ्याच्या रश्शात भाकरी कुस्करली, वर बुक्कीने फोडलेला कांदा घेतला, लसणाची चटणी दोनदा मागितली, आणि मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मास्तरही जेवले. त्यांच्या बोलण्यातली सगळी शुद्ध मराठी रश्शात विरघळली आणि ते म्हणाले, "आजून थोडा रस्सा वाडा, वयनी." महबूब घोड्याला वैरण टाकता टाकता हसला.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण रोशनबीच्या मनातून दूध गेलं नव्हतं. माणसं हात धुवायला उठली तेवढ्यात ती मागच्या दाराने गेली, आणि चार घरं फिरून, कुणाच्या तरी लेकरासाठी ठेवलेलं दूध मागून आणलं. कोरा चहा पाहुण्याला देणं म्हणजे हातात छत्री देऊन वाटेला लावणं. तिने सगळं दूध ओतून दाट चहा केला. घरात कपबशा दोनच होत्या. एक मिसबाईंच्या पुढे ठेवली, एक मास्तरांच्या.

"चहा नगं, बाय," मिसबाई हळूच म्हणाल्या. "प्वाट भरलंय."

रोशनबी खाली बघत म्हणाली, "आमच्यातला चहा चालत न्हाई व्हय?"

पेठेतली निम्मी माणसं महबूबच्या टांग्यात बसत आणि त्याच्या घरचं पाणी पीत नसत. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. मिसबाईंना ते तिच्या त्या एका वाक्यात कळलं, आणि आता दुधाचं कारण सांगितलं तर ती सबबच वाटेल, हेही कळलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि कपाला हात घातला. आपल्या त्या मंडळाची, विलायतेत केलेल्या निश्चयाची त्या आता वाट लावणार, हे मास्तरांना दिसलं.

प्रभुदास उजागरे मास्तरांनी आयुष्यात कुणाच्या घरी दुसरा कप चहा मागितला नव्हता. बशीत ओतून पिणाऱ्याला ते गावंढळ म्हणत. त्यांनी आपला कप एका घोटात संपवला, हात लांब करून मिसबाईंच्या हातातला कप काढून घेतला, आणि तोही तसाच कढत तोंडात ओतला. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी बशीत सांडलेलाही पिऊन टाकला.

"मास्तर," रोशनबी थक्क होऊन म्हणाली, "त्यो पाव्हन्यांचा हुता."

"काय करू, वहिनी," मास्तर भाजल्या जिभेने कसंबसं म्हणाले, "असा चहा दबोराच्या हातून कधी झाला नाही. राहवलं नाही. अजून आहे का?"

"दूदच संपलं की."

"ल्हानपनापास्नं आसाच हावरट," मिसबाई रोशनबीला म्हणाल्या, आणि पुढे सरकून तिचा हात हातात घेऊन बसल्या. "बोर्डिंगात दुसऱ्याच्या ताटातलं पळवायचा." मास्तरांनी असं कधी केलं नव्हतं. पण त्यांनी मान खाली घालून कबूल केलं. रोशनबी आधी तोंडावर पदर घेऊन आणि मग पदर काढून हसली. महबूब तर गोठ्याच्या खांबाला धरून उभा होता. उद्या ही हकिगत टांग्याबरोबर सगळ्या शिरूरभर फिरणार, मुख्याध्यापकांपर्यंत जाणार, हे मास्तरांना स्वच्छ दिसत होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. जीभ मात्र फार दुखत होती.

नगरची गाडी स्टँडवर लागली होती. मास्तरांनी मिसबाईंना खिडकीजवळ बसवलं, पिशवी मांडीवर दिली आणि प्यायला पाणी आणायला गेले. निरोपाचं चार वाक्यांचं इंग्रजी भाषण त्यांनी दोन दिवस पाठ केलं होतं. त्यात 'कृतज्ञता' या अर्थाचे तीन वेगवेगळे शब्द होते. ते पाणी घेऊन परत आले तेव्हा मिसबाईंची मान खिडकीच्या दांडीला टेकली होती, किंचित उघड्या तोंडाने त्या बारीक घोरत होत्या आणि छत्री पायाशी पडली होती.

कंडक्टरने घंटेच्या दोरीला हात घातला आणि खिडकीखाली तांब्या घेऊन उभ्या असलेल्या मास्तरांकडे पाहिलं.

"गाडी सुटतीया, मास्तर. म्हातारीला उठवू का?"

"राहू दे," मास्तर म्हणाले. "जेवून झोपल्यात."